भोग्यमवर दिलेलं घर

आमच्या ह्यांची तंजावुरात तीन घरं आहेत, आणि आम्ही त्याच गावात, करंदै भागात, भाड्याच्या घरात राहतो. नऊ वर्षं झाली याला. नवीन माणसाला सांगितलं की ते आधी हसतं, मग माझं तोंड बघून हसू आवरतं.

'हे' म्हणजे रघुराम राव. वय त्रेसष्ट, पाटबंधारे खात्यातले निवृत्त क्लार्क आणि आता पूर्ण वेळ घरमालक. घरमालक म्हटलं की लोकांना वाटतं, बसून भाडं खाणारा माणूस. आमचा मालक सकाळी साडेसहाला शर्टाच्या खिशात नळाचे चार वायसर, टेफ्लॉनची पट्टी आणि टेस्टर कोंबून मोपेडवरून निघतो. कुणाच्या मोरीत पाणी तुंबलेलं, कुणाचा मीटर जळलेला, कुणाच्या दाराला फुगवटा आलेला. भाडेकरू 'ओनर सार, ओनर सार' करतात आणि हे पाघळतात. जेवताना फोन आला तर ताकभाताचा घास न चावता गिळतात. मी म्हणते, अहो, नळ ठिबकतोय म्हणून कुणी मरत नाही. हे म्हणतात, "तसं नव्हे. त्यांचा पैसा आहे आपल्याकडे."

हा पैसा काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. इथे भोग्यम नावाची एक रीत आहे. भाडेकरूनं सुरुवातीला एकरकमी मोठी रक्कम मालकाला द्यायची, तीन वर्षं बिनभाड्यानं राहायचं, आणि जाताना सगळी रक्कम परत न्यायची. मालकाला व्याज नाही, भाडेकरूला भाडं नाही. भोग्यम म्हणजे म्हणे उपभोग. माझं माहेर मिरजेचं. आमच्याकडे भोग म्हटलं की माणूस कपाळाला हात लावतो. पण लग्न होऊन नवीन आलेल्या सुनेला कोण विचारतंय.

सत्त्याण्णव साली माझे चार तोळे मोडून मेडिकल कॉलेज रोडच्या आतल्या बाजूला जागा घेतली. सोनं माझं म्हणून जागा माझ्या नावावर. तेवढा न्याय ह्यांच्यात आहे. सोसायटीचं कर्ज काढून खालचं घर बांधलं. हप्ता अर्धा पगार खाई, म्हणून कचेरीतल्या कुणीतरी ह्यांच्या कानात भोग्यमचं वारं भरलं. वरच्या मजल्याचा स्लॅब पडायच्या आधीच एक जण पैसे घेऊन तयार होता. त्याच्या पैशात वरचं घर झालं. त्याला परत द्यायची वेळ आली तेव्हा पुढच्याकडून थोडे जास्त घेतले. उरलेल्यात परसातलं मागचं घर उभं राहिलं. मागच्या घराचं भोग्यम आलं, त्यात सोसायटीचं कर्ज मिटलं. हे इतके खूश की मला मोठ्या देवळात नेऊन अर्चना केली. "पाहिलंस, एक पैसा व्याज नाही." खोटं कशाला बोलू, मीही खूश होते. एका क्लार्कची तीन घरं, माहेरी मी किती फुशारक्या मारल्या असतील.

पण ही सगळी ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. पुढचं डोकं वेळेवर आलं नाही की संपलं. नोटा बंद झाल्या, त्यानंतरच्या तीन महिन्यांत वरचे आणि मागचे, दोघेही निघाले. दोघांनाही रोख पैसे हवे. नवीन भोग्यमवाला मिळेना, कारण कुणाकडेच काही नव्हतं. वरचा माणूस रोज संध्याकाळी येऊन आमच्या पायरीवर बसायला लागला. शिवी नाही, आवाज नाही, नुसता बसायचा. चौथ्या दिवशी हे मला म्हणाले, "आपलं खालचं देऊ का भोग्यमवर? तीन वर्षांचा तर प्रश्न आहे."

पापनाशमला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले सांबशिव म्हणून गृहस्थ होते. त्यांच्या बायकोला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मेडिकल कॉलेजात आणावं लागे, म्हणून त्यांना जवळ घर हवं होतं. त्यांनी निवृत्तीचे सात लाख ह्यांच्या हातात ठेवले. तेवढ्यानंही दोघांचं देणं फिटेना, म्हणून वरचं आणि मागचंही मिळेल त्या रकमेत पुन्हा भोग्यमवर चढवलं. एक एप्रिल दोन हजार सतरा. मी माझी भांडी पोत्यात भरली आणि करंदैच्या ह्या दोन खोल्यांत आले.

तीन वर्षं संपली तेव्हा लॉकडाऊन. घराबाहेर पडायची बंदी, पैसे कुठून आणणार. सांबशिवांनी आणखी एक लाख दिला आणि मुदत वाढली. सहा वर्षं संपली तोवर हे रिटायर झाले होते, पण हातात आलेला पैसा मागच्या घराचं भोग्यम फेडण्यात गेला, आणि वर्षभरात वरच्या माणसाला द्यायला मागचं घर पुन्हा भोग्यमवर चढलं. सांबशिवांकडून पुन्हा एक लाख, पुन्हा मुदतवाढ. आमचा मुलगा श्रीहर्ष होसूरला असतो, तो फोनवर सांगतो, एक घर विकून टाका. मी मराठीत बोलते, तो तमिळमध्ये उत्तर देतो, आणि अक्कल दोघांचीही तेवढीच. तिन्ही घरं एका जागेवर, एका पट्ट्यावर; पट्टा म्हणजे इथला मालकीचा कागद. मधलं कापून विकायला ते काय कलिंगड आहे? हे बँकेत गेले तर तिथला पोरगा म्हणाला, वय साठच्या वर, घरात भोग्यमची माणसं, जमणार नाही.

करंदैतल्या आमच्या घरमालकिणीचं नाव लावण्या. बत्तीस वर्षांची आहे, नवरा सिंगापुरात. सकाळी वीस मिनिटं पाण्याची मोटर चालते. एकविसाव्या मिनिटाला ही जिन्यावरून खाली येऊन बटण बंद करते, मग तुमच्या डोक्याला साबण असो नाहीतर काही असो. भिंतीला खिळा मारायचा नाही. पाहुणे दोन दिवसांच्या वर नाहीत. मी तीन घरांची मालकीण, बादली घेऊन मोटरमागे धावते. हे मात्र म्हणायचे, "बिचारी वाईट नाही." ह्यांना कुणीच वाईट वाटत नाही, हाच तर माझ्या डोक्याला ताप आहे.

पहिली तीन वर्षं मी रोज विचारत असे, आपल्या घरी कधी जायचं? हे म्हणायचे, "पाहू." पुढे मी विचारणं सोडलं. राग गेला म्हणून नव्हे, थकले म्हणून. ह्यांना वाटलं, सवय झाली. मला सवय झाली नव्हती. सत्तावन्न वर्षांची आहे मी. गुडघे दुखतात. मला एवढंच हवं होतं की पायात चालण्याचं बळ आहे तोवर माझ्या घरात राहायला मिळावं. दुसरं काही मागणं नव्हतं.

ह्या फेब्रुवारीत ह्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस डोळ्याला पट्टी, वाचायचं नाही. वरच्या घराचा स्लॅब गळत होता म्हणून गवंड्याला फोन करायचा होता, आणि नंबर ह्यांच्या डायरीत. ह्यांची डायरी म्हणजे एक प्रकरणच आहे. ह्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण देवनागरी कुणाला येत नाही. म्हणून हे मराठी लिहितात ते तमिळ अक्षरांत. भाडेकरूच्या हाती डायरी पडली तर अक्षरं वाचता येतील, अर्थ लागणार नाही, असा हिशोब. मला तमिळ अक्षरं येतात, सावकाश वाचते. नंबर शोधता शोधता मार्चच्या पानावर आले. तिथे लिहिलं होतं: हरिप्रिया घर, ३१.

हरिप्रिया मी. आणि एकतीस मार्चला सांबशिवांची मुदत संपत होती.

मी डायरी मिटली. बाहेरच्या खोलीत हे डोळ्याला पट्टी लावून रेडिओ ऐकत बसले होते. जाऊन विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. नऊ वर्षांनी हा माणूस माझ्यासाठी काहीतरी करतोय, न बोलता करतोय, तर करू दे म्हटलं. त्या दिवशी मी त्यांच्या आवडीचं डांगर केलं. त्यांनी विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, काही नाही, खा.

मग तर सगळंच जुळत गेलं. पट्टी निघाल्यावर हे दोनदा सांबशिवांकडे जाऊन आले. दुसऱ्यांदा आले ते हलके होऊन. "काम जाहलं," म्हणाले. आठवड्यानं स्टॅम्प पेपर आणला, बोट ठेवलं तिथे मी सही केली. पंचवीस वर्षं मी अशाच सह्या करते आहे. कोर्टकचेरीचं तमिळ ह्यांनाच धड कळत नाही, मला काय कळणार. मला वाटलं, घर सोडल्याचा कागद. मी भराभर सही करायला लागले, तर हे म्हणाले, "सावकाश, घाई कसली."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात भांड्यांना साबण लावून बसले होते आणि लावण्यानं मोटर बंद केली. अठराच मिनिटं झाली होती, मी घड्याळ बघून सांगते. माझा पारा चढला. म्हटलं, पोरी, ही मोटर आता तुझी तुलाच लखलाभ. एक एप्रिलपासून आम्ही आमच्या घरी. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, लिहून देऊ? आणि दिलंही लिहून, तिच्याच मुलीच्या वहीच्या कागदावर. माझा स्वभाव हा असा. व्यवहार सगळा माझ्याशी, त्यामुळे ती ह्यांच्याशी काही बोलली नाही, आणि मला तर ह्यांची गंमत मोडायची नव्हती. आठ दिवसांत तिनं एका शिक्षक जोडप्याकडून आगाऊ पैसे घेतले.

एकतीस मार्चला मी पहाटे उठून न्हायले. चांगली साडी नेसले. डबे आधीच रिकामे करून पुसून ठेवले होते. दुपारी बाराला हे आले. मोपेड लावली, पाणी प्यायले, खिशातून वायसर काढून टेबलावर ठेवले आणि माझ्या हातात एक कागद दिला.

"घे, हरिप्रिया. तुझं काम जाहलं."

महानगरपालिकेची पावती होती. घराच्या टॅक्सची, सहा महिन्यांची, भरायची शेवटची तारीख एकतीस मार्च. माझ्या नावावर.

मी म्हटलं, किल्ली?

"कोठली किल्ली?"

मी आत जाऊन डायरी आणली आणि ते पान त्यांच्यापुढे धरलं. हे काय लिहिलंय? त्यांनी नवीन डोळ्यानं नीट वाचलं. "हरिप्रिया कर," म्हणाले.

तमिळमध्ये क, ख, ग, घ या सगळ्यांना एकच अक्षर आहे. इतकी वर्षं इथे काढली, मला काय माहीत नव्हतं? पण मला घर हवं होतं, मी घर वाचलं.

"अहो, तुम्ही जन्मभर वरी म्हणता," मी म्हटलं. "सगळं गाव टॅक्सला वरी म्हणतं. आताच कर कुठून आला?"

"तूच हसलीस ना गेल्या खेपेस," ते म्हणाले. "म्हणालीस, वरी उपासाला खातात, मराठीत टॅक्सला कर म्हणावं. म्हणून लिहिलं."

खरं होतं. सप्टेंबरात मी हसले होते. ह्यांनी ते मनात ठेवून डायरीत दुरुस्ती केली होती, माझ्यासाठी.

आणि तो कागद, ज्यावर मी सही केली? तो पुढच्या तीन वर्षांचा. सांबशिवांनी लाख वाढवून दिला, आता दहा लाख झाले, आणि तो लाख वरच्या स्लॅबमध्ये गेलासुद्धा. म्हणजे माझं घर आणखी तीन वर्षांसाठी मीच देऊन बसले होते, वर आनंदानं.

मग मला लावण्याचं सांगावंच लागलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस ओरडेल. पस्तीस वर्षांत एकदा तरी ओरडावं, मला बरं वाटलं असतं. हे खुर्चीत बसले, बराच वेळ पावतीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "तुला घर पाहिजे होतं, हे तू मला पुन्हा सांगितलं का नाहीस?"

मी डायरी मिटून ठेवली.

लावण्या ऐकेना. तिचं तरी काय चुकलं, माझ्या हातचा कागद होता तिच्याकडे. दहा एप्रिलपर्यंत मुदत दिली. हे घर शोधायला निघाले. आमच्या तिन्ही घरांतले लोक भाडं देत नाहीत आणि मुदतीआधी उठवता येत नाहीत, म्हणून शोधायचं ते परक्याचंच. बारा हजारांच्या खाली काही नाही, वर दहा महिन्यांचं आगाऊ. एक जण म्हणाला, म्हाताऱ्यांना देत नाही. दुसऱ्यानं विचारलं, स्वतःचं घर नाही का? ह्यांनी खरं सांगितलं, तर त्याला वाटलं थट्टा करतात. तीन दिवस उन्हात फिरून चौथ्या दिवशी आले ते दारातच बसले, आणि चपला काढायच्या राहून भिंतीला डोकं टेकून झोपून गेले. तोंड उघडं, शर्ट भिजलेला, खिशात वायसर. मला त्यांचा राग आला नाही, पहिल्यांदाच. इतका थकलेला माणूस मी पाहिला नव्हता, आणि मी रोज त्यांच्यासमोर होते.

मी टाउन बस धरली आणि सांबशिवांकडे गेले. एकटीच, नऊ वर्षांत प्रथम. सणावारी गेले तरी कधी पायरीच्या वर चढले नव्हते, सहन होत नसे.

त्यांची बायको दोन वर्षांमागे वारली. हे मला माहीत होतं, पण घर बघितल्यावर कळलं. हॉलमध्ये एक खाट, एक खुर्ची, औषधांचा डबा. बाकी दोन खोल्यांना कडी. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. म्हटलं, सार, मला माझं घर हवंय.

ते म्हणाले, "घ्या ना अम्मा. माझे दहा लाख द्या, उद्या पापनाशमला जातो. मला तरी कोण आहे इथे?"

त्यांचा पैसा आमच्या भिंतीत आणि आमचं घर त्यांच्या हातात, त्यांनाही हलता येत नव्हतं. मी रडले. ठरवलं नव्हतं, पण रडले, आणि लावण्याचं, डायरीचं, सगळं सांगून टाकलं. घर आणि कर ऐकून ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

"करंदैत किती देता?"

सात हजार.

"मला एक खोली पुरते," ते म्हणाले. "बाकीच्या दोन तुम्ही घ्या. ते सात हजार मला द्या. भाडं म्हणून नको, पट्टा तुमच्या नावावर, मी भाडं कसं घेऊ? दहा लाखांतून वजा करत जाऊ."

मी मनातल्या मनात हिशोब केला. बारा वर्षं. मी एकोणसत्तर वर्षांची होईन, हे पंच्याहत्तर. सांबशिव तर आजच सत्तरीचे. पण आता कुणाच्या तरी खिशातून पैसे घेऊन दुसऱ्याला द्यायचे नव्हते, पहिल्यांदाच काहीतरी कमी होणार होतं. मी म्हटलं, एक अट आहे, स्वैपाकघर माझं. ते म्हणाले, "मी मेसमधून डबा आणतो." मी म्हटलं, उद्यापासून आणू नका.

दहा तारखेला सामान हलवलं. मी टेम्पोबरोबर पुढे आले, हे लावण्याकडून आमची आगाऊ रक्कम परत घेऊन मागाहून मोपेडवर यायचे होते. मी स्वैपाकघरात ओट्यावरची धूळ पुसत होते. सांबशिव अंघोळीला गेले होते. पुढचं दार सताड उघडं होतं.

मोपेडचा आवाज आला, थांबला. मग दारावर टकटक. "सार," ह्यांचा आवाज, हळू, तमिळमध्ये, "आत येऊ का?"

मी तिथूनच म्हटलं, "या."

काहीच हालचाल नाही. मी हात पुसत हॉलमध्ये आले. हे दाराबाहेर उभे होते, चपला काढून, पिशवी छातीशी धरून. मी म्हटलं, अहो, या ना. आपलं घर आहे.

"असू दे," ते म्हणाले. "त्यांना येऊ दे."

आणि सांबशिव अंघोळ आटपून पंचा गुंडाळून बाहेर येईपर्यंत, चांगली दहा मिनिटं, हे तसेच पायरीवर उभे राहिले.